घंटीच्या तारेवरची रांग

कंडक्टरबाईंचा आवाज भरलेल्या बसच्या मागच्या दारातून ड्रायव्हरच्या कानापर्यंत पोचेल अशा बेताने घडलेला होता. निवृत्त झाल्यावर तो तीन खोल्यांत मावेना. त्या घरात नुसतं "चहा झालाय" म्हणाल्या तरी शेजारचा रंगारी आपल्या पायरीवरून "आलो" म्हणायचा.

त्यांचं खरं नाव गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. त्या कंडक्टरबाई आणि त्यांचे यजमान ड्रायव्हरसाहेब. दोघं एकाच बसवर नोकरीला लागली आणि तिथेच जुळलं. "ह्यांनी माझं तोंड बघायच्या आधी माझी घंटी ऐकली," असं त्या सांगत. घंटीची दोरी बाईंच्या डोक्यावर, घंटा साहेबांच्या कानाशी. एकदा ओढली की थांबा, दोनदा ओढली की चला. "जगात इतकं ऐकणारा पुरुष सापडायचा नाही," त्या पुढे म्हणत, "पण फक्त ड्यूटीवर हं! घरी आल्यावर कानात बोळे." ड्रायव्हरसाहेब मिशीत हसत. हे बोलणं त्यांनी शेकडो वेळा ऐकलं असेल, पण हसायचं कधी चुकवलं नाही.

मग अर्धांगवायूने ड्रायव्हरसाहेबांची उजवी बाजू नेली आणि तिच्यासोबत बोलणंही नेलं. राहिला डावा हात, मिशी आणि डोळ्यांतलं हसू.

इस्पितळातून घरी आणलं तेव्हा मुलाने आजारी माणसांच्या सामानाच्या दुकानातून लोखंडी खाट भाड्याने आणली. हँडल फिरवलं की डोक्याकडून वर होणारी. मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला. हाताशी होती तेवढ्या सुट्टीत बापासाठी जे सुचलं ते त्याने केलं. खाटेच्या दांडीला एक बटण बांधलं आणि तिथून भिंतीवर, भिंतीवरून स्वयंपाकघरात अशी विजेच्या घंटीची तार ओढून दिली. "बाबा, काही लागलं तर दाबायचं."

ड्रायव्हरसाहेबांना शिकवावं लागलं नाही. दोन घंट्या म्हणजे माझं ठीक चाललंय, तुझं तू कर. एक घंटी म्हणजे हातातलं सोड आणि इकडे ये. आयुष्यभर बाई घंटी द्यायच्या आणि ते ऐकायचे, आता फिरलं होतं. "बघा कसा सूड उगवतायत," बाई रंगाऱ्याला म्हणायच्या.

एका सकाळी एकच घंटी वाजली. बाई ओल्या हातांनी धावत आल्या. ड्रायव्हरसाहेबांची नजर पायांकडे होती. अंथरुणाला खिळून त्यांच्या उजव्या टाचेला जखम झाली होती, त्यावर पट्टी होती, आणि पट्टीच्या कडेने आत जात होत्या मुंग्या. बारीक, फिकट, मधाच्या रंगाच्या. घाई नाही, गडबड नाही. बसच्या रांगेत शहाणी माणसं सरकतात तशा एकामागून एक सरकत होत्या. डावा हात तिथवर पोचत नव्हता म्हणून ड्रायव्हरसाहेब नुसते बघत पडले होते. किती वेळ, ते त्यांनाच माहीत.

बाईंनी नोकरीत दारुडे उतरवले होते, खिसेकापूंच्या मनगटाला धरलं होतं. पण असा संताप त्यांच्या अंगातून पूर्वी कधी गेला नव्हता. पट्टी सोडली, जखम धुतली, चादर झटकली.

त्याच भरात त्यांनी मुलाला फोन केला. हा फोन केला नसता तर बरं झालं असतं, असं त्यांना नंतर पुष्कळदा वाटलं.

रंगारी मदतीला धावला. माणूस सोन्यासारखा, फक्त थांबणं त्याला माहीत नव्हतं. त्याने फवारा आणला, ड्रायव्हरसाहेबांना खुर्चीत बसवून दुसऱ्या खोलीत नेलं आणि दिसेल त्या रांगेवर पिचकारी मारली. उंबऱ्यांवर मुंग्यांच्या खडूच्या रेघा ओढल्या. खाटेच्या चारही पायांखाली बाईंनी पाण्याच्या वाट्या ठेवल्या. त्यांच्या आईने दुधाच्या कपाटाखाली ठेवलेल्या त्यांना आठवत होत्या.

"आता चढून दाखवा म्हणावं," रंगारी म्हणाला.

थोडे दिवस घर स्वच्छ राहिलं. मग न्हाणीघरातल्या फरशीच्या फटीतून एक रांग निघाली. स्विचबोर्डाच्या मागून दुसरी. खिडकीच्या चौकटीतून तिसरी. पुन्हा फवारलं, तर साबणाच्या वडीवरही दिसायला लागल्या. आणि खाटेवर, चारी पाय पाण्यात असूनही, होत्याच.

मुलाचा फोन आला. "आई, केअर सेंटरमध्ये एक जागा रिकामी झालीय. मी नाव घातलंय बाबांचं. रविवारी गाडी घेऊन येतो."

"रविवारी ये की. गाडी कशाला? चपला घालून ये."

"आई, चेष्टा नको."

"चेष्टा कोण करतंय? बाबा कुठेही जाणार नाहीत. मुंग्या जातील."

तो आवाज चढवणारा मुलगा नव्हता. "घरात मुंग्या असणं वेगळं, आई, आणि बाबांच्या जखमेत मुंग्या असणं वेगळं. तुझ्या हट्टापायी त्यांनी ते सोसायचं का?"

फोन ठेवून त्या खोलीत आल्या. ड्रायव्हरसाहेबांनी सगळं ऐकलेलं होतं. बाईंचा फोन ऐकायला फोनजवळ असावं लागत नसे. ते छताकडे बघत होते आणि मिशीतलं हसू कुठे दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पट्टी बदलायला सिस्टर आली. इस्पितळातली ड्यूटी संपवून ती एक दिवसाआड येई. बाईंनी एक मुंगी चिकटपट्टीवर धरून ठेवली होती. "ही बघ गं. हिला आधी कधी पाहिली नाही मी. आपल्या काळ्या असतात, सैरावैरा पळतात. लाल असतात, चावतात. ही कोण?"

सिस्टरने ड्रायव्हरसाहेबांचं वर्तमानपत्र वाचायचं भिंग घेतलं आणि खिडकीपाशी गेली. "तिळाच्या दाण्याहून लहान. अंग पिवळट, शेपटाकडे जरा काळपट. शिंगांच्या टोकाला गाठ आहे, बघा, गदेसारखी." तिने भिंग खाली केलं. "काकू, ही आमच्याकडची आहे."

"म्हणजे?"

"इस्पितळातली. हिला आजारी माणूस आवडतो. ऊब, ओल, पट्ट्या, सलाइन. ही मूळची इथली नाही. सामानातून, पेट्यांतून जगभर फिरलेली. बाहेर बागेत राहत नाही, घराच्या पोटात राहते. तुम्ही फवारलं नाही ना?"

दाराशी उभा असलेला रंगारी एकदम खिडकीबाहेर बघायला लागला.

"फवारलंत," सिस्टर म्हणाली. "हिच्या एका घरात राण्या ढीगभर असतात, काकू. फवाऱ्याने मरतात त्या बाहेर पडलेल्या कामकरी. आतल्यांना धोका कळला की घर फुटतं. एकेक राणी थोडी अंडी, थोड्या कामकरी घेऊन वेगळी चूल मांडते. आमच्याकडे एका वॉर्डात झाली होती. फवारलं, तर सगळ्या मजल्यांवर गेली."

"मग काय केलंत?"

"जेवायला घातलं."

रंगारी हसला. सिस्टर हसली नाही. बोरिक पावडर, तिने सांगितलं, कॅरमवर टाकतात ती. साखरेच्या पाण्यात चिमटीभर मिसळायची आणि बाटल्यांच्या झाकणांत घालून ठेवायची. "अगदी कमी हं. खाल्लेली मुंगी घरी पोचली पाहिजे, राणीला आणि पिल्लांना भरवण्यापुरती जिवंत राहिली पाहिजे. आणि समोर मुंग्या दिसल्या म्हणून पुसायच्या नाहीत, मारायच्या नाहीत. जेवू द्यायचं. धीर धरवला तर त्या जातात."

धीर हा कंडक्टरबाईंचा प्रांत नव्हता. शिवाय रविवार जवळ येत होता. चिमटीभर पावडर बघून त्यांना वाटलं, एवढ्याने काय होणार? त्यांनी चांगला चमचा भरून घातला आणि वर थोडी हातानेच सोडली. दुपारपर्यंत झाकणाभोवती मेलेल्या मुंग्यांचं कडं पडलं होतं आणि बाकीची रांग कडेने वळसा घालून आपल्या वाटेने चालली होती. सिस्टरने येऊन ते पाहिलं. "काकू, ह्याला जेवण नाही म्हणत. हा खून झाला. बाकीच्यांनी बघितला."

बाईंनी मुकाट्याने ते ओतून टाकलं आणि पुन्हा बनवलं. या वेळी मोठा पेला कोमट पाणी, आठ चमचे साखर आणि पावडर अर्धाच चमचा.

"आणि घर कुठे आहे ते सापडलं तर फार बरं," सिस्टर जाताना म्हणाली. "जेवण दारात ठेवता येतं."

हे मात्र बाईंच्या कामातलं होतं. बसमध्ये चढलेला माणूस कुठे उतरणार हे त्या तिकीट फाडण्याआधी ओळखायच्या. रिकाम्या पिशव्या घेऊन चढला तो बाजाराला निघालेला. पिशव्या भरलेल्या असल्या, की माणूस घरी चाललेला. आतापर्यंत सगळ्यांनी मुंग्या येतात कुठून ते बघितलं होतं. आणि येताना तर सगळ्या सारख्याच दिसतात.

बाईंनी अंडं उकडलं, पिवळ्याचा बारीक चुरा केला आणि ओट्याच्या कोपऱ्यात टाकला. मग स्टूल ओढून चष्मा लावून बसल्या. रंगारी डोकावून म्हणाला, "वहिनी, पाहुण्यांना आग्रह करा हं."

"तुम्हालाही वाढते, बसा."

तो बसला नाही.

पहिल्या मुंगीने चुऱ्यातला एक कण उचलला. तो तिच्या डोक्याएवढा होता. ती ना खिडकीकडे गेली, ना मोरीकडे. भिंतीवर चढली. तिच्यामागे दुसरी, पिवळं ओझं घेऊन. ओझेवाल्या सगळ्या एकाच दिशेने वर चढल्या आणि एका पांढऱ्या तारेवर गेल्या. ती घंटीची तार होती.

बाई स्टुलावरून उठल्या. डोळे तारेवर ठेवून, भिंतीला हात लावत चालू लागल्या. स्वयंपाकघराचं दार ओलांडलं, तार दारावरून खोलीत आली, रांगही आली. भिंत संपली तिथे तार खाटेकडे झुलत गेली होती, त्या झुल्यावरूनही पिवळे ठिपके हलत गेले. खाटेच्या दांडीवर उतरले. दांडीच्या टोकाला, ड्रायव्हरसाहेबांच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर, नळीचं रबरी बूच निसटलेलं होतं. पिवळा ठिपका त्या भोकाच्या काठाशी आला आणि आत गेला. मागचाही आत गेला. मग पुढचा.

बाई खाली फरशीवरच बसल्या.

म्हणजे बाहेरून कुणी चढलंच नव्हतं. गाडी डेपोतूनच भरून आलेली होती. कुठल्यातरी इस्पितळातून ही खाट दुकानात, दुकानातून इथे. पोकळ लोखंडात, माणसाच्या उबेला, राण्या सुखाने नांदत होत्या. आणि आपण काय केलं? चारी पायांखाली पाणी ठेवून दरवाजे लावून घेतले, आणि ड्रायव्हरला आत त्यांच्यासोबत कोंडला. म्हणून तर त्यांनी बाहेर पडायला तार धरली.

"अहो," त्या हळू म्हणाल्या. त्यांना हळू बोलता येतं हे ड्रायव्हरसाहेबांनाही फार वेळा कळलेलं नव्हतं. "तुम्हाला मीच त्यांच्यात ठेवलं होतं."

ड्रायव्हरसाहेबांनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग डाव्या अंगठ्याने बटण दाबलं. दोनदा.

बाई पदराने नाक पुसून उठल्या. "ठीक आहे. चला तर चला."

रंगाऱ्याला बोलावलं. त्याने आणि बाईंनी मिळून ड्रायव्हरसाहेबांना उचललं आणि बाईंच्या लाकडी पलंगावर दुसऱ्या खोलीत ठेवलं. चादर नवी, उशी नवी, पलंग भिंतीपासून दूर, आणि आता पायांखाली त्याच पाण्याच्या वाट्या. या खेपेला त्या बरोबर जागी होत्या.

"आता ही खाट अंगणात नेतो आणि वरून उकळतं पाणी," रंगारी बाह्या सरसावत म्हणाला.

"हात लावायचा नाही."

"वहिनी!"

"हलवलीत की त्या भराभरा बाहेर पडून भिंतीत शिरतील. तुमच्या फवाऱ्याने आधीच तीन बिऱ्हाडं केलीयत. त्यांना कोण जेवू घालणार?"

"मग दुकानदाराला परत तरी द्या. त्याची खाट, त्याच्या मुंग्या."

"आणि तो ती उद्या कुणाला देणार? आणखी कुणाच्या टाचेला?" बाईंनी मान हलवली. "माझ्या घरात आल्या, माझ्या घरातच संपतील."

घंटीची तारही त्यांनी काढू दिली नाही. ती आता त्यांची सडक होती. सडक उखडली की त्या नवी शोधणार. मग ड्रायव्हरसाहेबांनी हाक कशी मारायची? बाईंनी माळ्यावरून एक पितळी घंटा काढली. जुन्या गाड्या मोडीत निघाल्या तेव्हा डेपोतल्या मिस्त्रीने आठवण म्हणून दिलेली. ती स्वयंपाकघराच्या दारावर टांगली, तिला सुती दोरी बांधली आणि दोरीचं दुसरं टोक ड्रायव्हरसाहेबांच्या डाव्या हातात दिलं. भिंतीकडच्या टोकाला व्हॅसलिनचा जाड थर लावला, म्हणजे कुणी त्यावरून पलंगावर यायला नको. ड्रायव्हरसाहेबांनी दोरी एकदा हळूच ओढून बघितली. घंटेचा आवाज तोच होता.

"तुम्ही मागे, मी पुढे," बाई म्हणाल्या. "बघू आता गाडी कोण नीट चालवतं."

रिकाम्या खाटेवर झाकणं मांडली गेली. काहींत पातळ गोड पाणी, काहींत अंड्याच्या चुऱ्यात कालवलेली किंचित पावडर, कारण या मुंग्यांना कधी गोड लागे, कधी नाही. स्विचबोर्डाखाली झाकण, न्हाणीघराच्या फटीशी झाकण, खिडकीत झाकण. आणि मग जे व्हायचं ते झालं. मुंग्या दुपटीने आल्या. झाकणांच्या काठावर त्या अशा दाटीवाटीने बसल्या की झाकणाचा रंग दिसेना. खाटेवर, तारेवर, ओट्यावर जिकडे बघावं तिकडे तीच मधाळ रांग. बाईंचा हात सारखा फडक्याकडे जाई. शेवटी त्यांनी घरातली सगळी फडकी उचलून बादलीत बुडवून ठेवली.

रंगाऱ्याच्या बायकोने आपल्या घरात दोन मुंग्या पाहिल्या. तासाभरात रंगारी फवारा घेऊन दारात उभा. "वहिनी, पुरे झालं हे. लोक काय म्हणतायत ऐकलंत का? म्हणतात साहेबांसोबत बाईंच्याही डोक्यावर परिणाम झाला. मुंग्यांना पलंग दिलाय म्हणे, आणि वेळच्या वेळी जेवण."

"खरंच आहे की. त्यात खोटं काय?"

"बाजूला व्हा. तुमच्या भल्यासाठी सांगतोय."

कंडक्टरबाईंनी दोन्ही हात चौकटीला लावले. अशाच त्या गर्दीच्या वेळी बसच्या दारात उभ्या राहत, आणि मग त्यांना ओलांडून कुणी चढल्याचं ऐकिवात नव्हतं. "जागा नाही," त्या पूर्ण आवाजात म्हणाल्या. "खाली उतरा. मागची गाडी रिकामी येतेय."

गल्लीतले दोन-तीन जण हसले. रंगाऱ्यालाही हसू फुटलं. तो फवारा खाली ठेवून पायरीवर बसला. "तुमच्यापुढे कुणाचं काय चालणार! माझ्या घरातल्या दोघींचं काय करू, ते तरी सांगा."

"थांबा, झाकण देते."

रविवारी मुलगा आला. दारात गाडी उभी राहिली. तिच्यात स्ट्रेचर, आणि ते उचलायला एक माणूस. मुंग्या तोवर कमी झाल्या होत्या. न्हाणीघरात नव्हत्या, खिडकीत तुरळक होत्या. पण खाटेवर अजून होत्या. मुलगा खोलीत शिरला तो नेमका खाटेसमोर उभा राहिला. वडील तिथे नाहीत, वर झाकणं मांडलेली, आणि झाकणांभोवती मुंग्या.

"आई," तो म्हणाला, "बाबांची खाट तू मुंग्यांना दिलीस?"

"ती त्यांचीच होती राजा. आपण बाबांना त्यांच्या घरात झोपवलं होतं."

बाईंनी त्याला बूच नसलेलं भोक दाखवलं, तार दाखवली, सगळं सांगितलं. तो ऐकत होता, पण त्याचा चेहरा पांढरा पडत गेला. ती खाट त्याने आणली होती. ती तार त्याने ओढली होती.

"तुझा दोष नाही," बाई म्हणाल्या. "कुणी बघतं का नळीत डोकावून?"

तो आतल्या खोलीत गेला. वडिलांच्या पायापाशी बसून त्याने पट्टीच्या कडा तपासल्या, चादर उचलून पाहिली, पलंगाचे पाय, वाट्या, गादीची शिवण, सगळीकडे हात फिरवला. एकही मुंगी सापडली नाही. जखमेची कड गुलाबी, कोरडी होती. तरी तो उठला तेव्हा त्याने मान हलवली.

"आज नाहीत. उद्या चढल्या तर?"

"तर परवा उतरवीन."

"तू एकटी किती पुरणार? तुझं वय झालंय, आई. मी तिकडे फोन वाजला की घाबरतो. मला झोप लागत नाही." तो हे रागाने म्हणाला नाही, आणि म्हणूनच बाईंना ते लागलं. "ती जागा आज घेतली नाही तर जाईल. मला आणखी काही नाही करता येत गं. एवढंच येतं."

बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "मला कळतं. पण तू मला विचारतोयस, मी तुला सांगतेय, आणि ज्यांना न्यायचं त्यांना कुणी विचारलंय का?"

"ते बोलू शकत नाहीत, आई."

"ऐकू शकतात."

मुलाने डोळे पुसले आणि बाहेरच्या माणसाला खूण केली. "घ्या आत."

स्ट्रेचरची चाकं उंबऱ्यावर खडखडली. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारावरची पितळी घंटा वाजली. एकदा.

मुलगा उचललेलं पाऊल तसंच ठेवून थांबला. शाळा सुटल्यावर घरी कुणी नसायचं म्हणून तो याच दोघांच्या गाडीत, इंजिनाच्या झाकणावर बसून गृहपाठ करत वाढला होता. ही घंटा एकदा वाजली की गाडी थांबते हे त्याला बेरजेआधी कळलं होतं. दुसरी वाजली की चालू होते, हेही.

सगळे दुसऱ्या घंटेची वाट बघत राहिले. बाईंचा हात छातीवर गेला होता. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं नाही; बघवलं नाही. त्यांना जायचं असेल तर? मुलाची झोप आणि आपलं वय बघून त्यांनी ठरवलं असेल तर? दोरी अजून ताणलेली होती आणि घंटा हलकेच झुलत होती.

मग दोरी सैल पडली. ड्रायव्हरसाहेबांनी ती हातातून सोडून दिली होती आणि डावा पंजा छातीवर ठेवून ते मुलाकडे बघत होते. मिशीत थोडंसं काहीतरी होतं.

"हात लागला असेल," मुलगा म्हणाला, पण त्याच्या आवाजात दम नव्हता.

दारातून गाडीचा चालक डोकावला. वयस्क, पिकल्या केसांचा. "साहेब, एक बेल झालीय. मी तर नाही हलवणार." आणि त्याने आपल्या माणसाला स्ट्रेचर मागे घ्यायला सांगितलं.

मुलगा वडिलांच्या पलंगाच्या कडेला बसला आणि लहानपणी रडायचा तसा रडला. बाई चहा करायला गेल्या. त्या दिवशी त्यांनी हळूच म्हटलं, "चहा झालाय." तरी रंगारी आलाच.

संध्याकाळी निघण्याआधी मुलगा भिंग घेऊन रिकाम्या खाटेपाशी उकिडवा बसला होता. "किती सावकाश चालतात गं," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "पातळ पाण्यात अर्धाच चमचा ना? तिकडे जाऊन कुणाला सांगायचं झालं तर."

"अर्धा. आणि हात सैल सोडायचा नाही. मी सोडला होता."

पुढे किती आठवडे लागले याचा हिशेब कुणी ठेवला नाही. झाकणं रोज धुतली जात, रोज भरली जात. तारेवरची रांग आधी तुटक झाली, मग दोन-चार चुकार, आणि एके दिवशी तार नुसती तार राहिली. बाईंनी त्यानंतरही पुष्कळ दिवस झाकणं उचलली नाहीत. मग भर उन्हात रंगाऱ्याने आणि त्यांनी खाट अंगणात नेली, सगळी बुचं काढली आणि नळ्या ठोकल्या. भुसा पडावा तसा कोरडा, फिकट चुरा पडला. रंगारी त्यावर वाकला. "गावच होतं की हो हे," तो म्हणाला. नंतर दोन दिवस तो फवाऱ्याचं नाव काढत नव्हता.

खाट परत करायला बाई स्वतः टेम्पोत बसून गेल्या. दुकानदार काउंटरमागून म्हणाला, "आमच्या सामानात मुंग्या? शक्यच नाही, बाई. आम्ही पुसून देतो."

"बाहेरून पुसता," बाई म्हणाल्या आणि चिकटपट्टीवरची ती पहिली मुंगी काउंटरच्या काचेवर दाबून चिकटवली. "नळीच्या आत कोण पुसतं? हिचं तिकीट दाखवा मला."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. एक बाई आपल्या सासऱ्यांसाठी खाट बघायला आलेली होती. तिने लगेच समोरच्या खाटेची बुचं काढून आत डोकावायला सुरुवात केली. दुकानदाराने आवाज खाली आणला. कंडक्टरबाईंनी आणला नाही. दुकानातल्या साऱ्या खाटा उन्हात उलट्या होईपर्यंत त्या काउंटरपाशी उभ्या होत्या, आणि निघताना बोरिक पावडर किती घालायची हे त्यांनी दुकानदाराकडून दोनदा म्हणवून घेतलं.

घरी आल्या तेव्हा दिवस कलला होता. पायातल्या वहाणा काढून त्या ओट्याशी गेल्या आणि थबकल्या. स्विचबोर्डाखाली, भिंतीवर, एक होती. एकच. मधाच्या रंगाची, सावकाश. ती शिंगं हलवत इकडे-तिकडे चाचपत होती, जणू ओळखीचं कुणी भेटतंय का बघत होती.

बाईंचा हात फडक्याकडे गेला आणि वाटेतच थांबला. त्यांनी फळीवरून झाकण काढलं, बाटलीतलं पाणी त्यात घातलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं.

"या," त्या म्हणाल्या. "मी कुठे जात नाहीये."

आतल्या खोलीतून दोरी दोनदा ओढली गेली. बाईंचा आवाज नेहमीप्रमाणे तिकडे पोचला होता.